काळ्या कागदातली धुळवड

"मेडिकल शेजारी आहे, काका," दुकानदार म्हणाला.

त्याचं तरी काय चुकलं? जाळीच्या खिडकीपुढे आम्ही दोघं उभे. दोघांच्या कपाळावर मारुतीच्या देवळातला बुक्का, माझ्या गळ्यात तुळशीची माळ, आणि मोरेश्वराच्या खांद्याला देवाची फुलं न्यायची कापडी पिशवी.

"मेडिकल नको," मोरेश्वर म्हणाला. "बिअर पाहिजे."

मी मान फिरवून रस्त्यावरच्या गाड्या बघायला लागलो. एसटीत चौतीस वर्षं कंट्रोलर होतो मी. साताऱ्यात मला न ओळखणारा माणूस सापडणं अवघड.

"कुठली देऊ?"

"धुळवड."

"ती होऊन गेली की. तीन आठवडे झाले."

मागं उभा असलेला एक जण फिस्सकन हसला. मोरेश्वर ढिम्म हलला नाही.

"बिअरचं नाव आहे ते. लिंब फाट्याकडे कुणा पोरीची भट्टी आहे म्हणे, तिथली. बाटलीला काळा कागद गुंडाळलेला असतो."

"हां, रानभट्टीची होय!" दुकानदाराचा आवाजच बदलला. इतका वेळ भलत्या दारात आलेले म्हातारे होतो, आता दर्दी झालो. "काका, ती दुकानात येतच नाही. होळीच्या सुमाराला एकदाच करतात, दोनेकशे बाटल्या. पुण्याची पोरं गाड्या घेऊन येतात आणि दोन दिवसांत उचलून नेतात. यंदा तर केलीच नाही असं ऐकलं. तुम्हाला कशी माहीत?"

"प्यायलोय एकदा," मोरेश्वर म्हणाला. "एकच घोट."

ही चैत्रातली अष्टमी. तिथी मला पक्की आठवते, कारण माझं सगळं आयुष्य कीर्तनांच्या तिथींवर टांगलेलं आहे. कुठल्या साली कुठल्या बुवांनी कुठलं आख्यान लावलं, पेटीला कोण होतं, उत्तररंगात बुवांचा आवाज कुठं बसला आणि कुठं सुटला, सगळं सांगतो मी. देवळातली मंडळी माझी परीक्षा घेतात आणि हरतात. अकरा वर्षांपूर्वीची ती अष्टमी म्हणूनच लख्ख समोर आहे.

मोरेश्वर गंधे म्हणजे गंध्यांच्या बुक्क्याचा मोरेश्वर. आजोबांपासून त्यांच्या घरात बुक्का होतो. कोळशाची वस्त्रगाळ पूड, चंदन, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, दवणा. काय घालतात ते अख्ख्या गावाला ठाऊक. किती घालतात ते कुठंच लिहिलेलं नाही. मोरेश्वर चिमूट टाकायचा, परातीवर ओणवा व्हायचा, डोळे मिटायचा, मग आणखी अर्धी चिमूट. नाक 'बस' म्हणेल तेव्हा हात थांबायचा. आमच्या मारुतीच्या उत्सवाचा बुक्का एकतीस वर्षं त्याच्याकडून जात होता. कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवा थांबतात, त्यांना हार घालतात, बुक्का लावतात, मग तोच बुक्का ओळीनं सगळ्या श्रोत्यांना लागतो आणि नामाचा गजर होतो. मोरेश्वराचा बुक्का लागलेला माणूस घरी जाऊन झोपला तरी देवळातच असायचा. मी तर कपाळ धुवायचोच नाही.

त्या अष्टमीच्या दोन वर्षं आधी त्याला ताप आला, आणि जाताना तो ताप त्याचं नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आतली नस गेलीय, परत येईल किंवा नाही येणार, औषध नाही. मोरेश्वरानं हे घरात सिंधूवहिनींना सांगितलं आणि बाहेर मला. तिसऱ्या कुणाला कळू दिलं नाही. पुढच्या उत्सवाचा बुक्का त्यानं अंदाजानं केला, हाताच्या सवयीवर. चतुर्दशीच्या कीर्तनात तो लागला मात्र, चिंतामणबुवांना ओळीनं पाच शिंका आल्या. बायका पदरानं कपाळं पुसायला लागल्या. माझ्या कपाळावर कुणी फिनेलचा बोळा ठेवल्यासारखं झालं.

घरी जाताना त्यानं विचारलं होतं, "काय लावलं मी लोकांच्या कपाळाला, विसू?"

"चांगला होता की."

"पदरानं पुसत होत्या. मला नाक नाही, डोळे आहेत."

त्याच दिवाळीत तो मुलीकडे पुण्याला गेला. जावयाच्या मित्रांनी काहीबाही पिण्याचं आणलं होतं. टेबलावरचा काळसर पेला मोरेश्वरानं कोकमाचं सरबत समजून उचलला आणि जन्माची सवय म्हणून आधी नाकाशी नेला. परत आला तो थेट माझ्या घरी. चपला न काढता दारातच उभा.

"धूर, विसू! आंब्याच्या ओल्या लाकडाचा धूर. घोट घेतला आणि फेस नाकाकडे चढला. पाचच सेकंद असेल. मग गेला."

"आणि पुन्हा घेतलास?"

"जावयानं काढून घेतला पेला. बाबा, हे सरबत नाही म्हणाला. नंतर मागायची मला लाज वाटली. आता त्याच्याकडे नाही, त्याच्या मित्रांकडे नाही. कुणाकडेच नाही."

महिने गेले, उत्सव पुन्हा जवळ आला, आणि त्यानं मला बजावलं की यंदा अंदाजाचा बुक्का देवळात जाणार नाही. त्रयोदशीच्या आत नाकाला एकदा तरी वास कळला तर परात काढायची. नाही कळला तर गंध्यांचा बुक्का संपला.

"कुणाला तरी शिकव," मी म्हणालो होतो.

"शिकवायलाही नाकच लागतं रे. त्याचं चुकलं हे मला कसं कळणार?"

म्हणून माळकरी विसू कंट्रोलर बिअरच्या दुकानापुढे उभा होता.

दुकानदारानं पत्ता दिला तो महामार्गावरच्या एका हॉटेलाचा. तिथल्या मॅनेजरकडे एखादी पडलेली असेल म्हणाला. दुपारच्या गाडीनं आम्ही तिथं गेलो. मॅनेजरच्या पाठीमागं फळीवर देशोदेशींच्या बाटल्या मांडलेल्या, आणि त्यांत एक काळ्या कागदातली. मोरेश्वरानं तिच्याकडे बोट केलं.

"ती शोपीस आहे, आजोबा. रिकामी."

"बघू तरी."

मॅनेजरनं बाटली काढून पुसून दिली. मोरेश्वरानं बूच काढलं, बाटलीचं तोंड नाकाला लावलं आणि डोळे मिटले. शेजारच्या टेबलावर चार जण कोंबडी खात होते, ते खायचे थांबले. त्यानं एक नाकपुडी दाबली, मग दुसरी.

"काय करताहेत हे?" मॅनेजरनं मला हळूच विचारलं.

"औषध घेताहेत."

"रिकाम्या बाटलीतून?"

मोरेश्वरानं बाटली परत ठेवली. "वर्षाची धूळ बसलीय हिच्यात," तो म्हणाला, "हिचं काय घेऊन बसलात? भट्टी कुठंय ते सांगा."

नवमीला दुकानं बंद, आणि आम्हालाही रामजन्माचं कीर्तन. दशमीला सकाळी निघालो. लिंब फाट्याच्या पुढं उतरून शेतातल्या वाटेनं पाऊण मैल चाललो. ऊस तुटून गेलेला, ऊन आत्ताच पाठीवर बसलेलं. पत्र्याची एक लांब शेड दिसली. दारात टेम्पो उभा होता आणि दोन माणसं स्टीलची एक टाकी दोर लावून त्यात चढवत होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली तिशीतली एक मुलगी त्यांना सूचना देत होती. तीच मालकीण, मिथिला शेवडे.

"बिअर संपली, काका. भट्टीच संपली. महिन्याभरात मोकळी करतेय मी जागा."

"धुळवड?"

"यंदा केलीच नाही. बिअरच्या जवाला धुरी द्यायची खोली होती ना मागं, ती पहिली पाडली."

मोरेश्वर शेडच्या सावलीत एका पालथ्या क्रेटवर बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. ताप, परात, बुवांच्या शिंका, पुण्यातला पेला. मला वाटलं होतं, पोरगी हसेल. ती हसली नाही. ती उठून आत गेली आणि एक रिकामं पोतं घेऊन आली.

"धुरी दिलेलं जव ह्यात असायचं. मला अजून वास येतो ह्याला. बघा."

मोरेश्वरानं पोत्यात डोकं घातलं. अख्खं, खांद्यापर्यंत. टेम्पोवरची माणसं दोर तसाच धरून बघत राहिली. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. भुवयांना कोंडा लागलेला.

"नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी थंडगार होतं ते. फेस घशातून वर चढला होता. ते वेगळं."

मिथिला त्याच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा आत गेली. ह्या वेळी तिच्या हातात काळ्या कागदातली बाटली होती.

"गेल्या वर्षीची शेवटची. सगळं आवरून झालं की टाक्यांच्या रिकाम्या जागेत बसून एकटीनं प्यायची, असं ठरवलं होतं."

"मग तुझी आहे ती, पोरी."

"न्या हो. माझं काय, एक तांब्या पाणी पिईन. तुमचं नाक आलं तर मला फोन करा. माझ्या भट्टीनं कुणाचं तरी काही भलं केलं, एवढं तरी म्हणता येईल."

मी घड्याळ बघितलं. वाईहून येणारी गाडी फाट्यावर थांबत नाही, हात करावा लागतो, आणि ती दहा मिनिटांवर आली होती. चौतीस वर्षांची सवय. "मी पुढं होऊन गाडी थांबवतो, तू ये," म्हणत मी निघालोच. मागं वळून पाहिलं तेव्हा मिथिला त्या कागदावर बोट ठेवून त्याला काहीतरी समजावत होती. माझ्या कानावर एवढंच आलं, "आणि फ्रीजमध्ये."

गाडीत खिडकीपाशी बसलो. बाटली फुलांच्या पिशवीत, पिशवी मोरेश्वराच्या मांडीवर.

"उद्या एकादशी," तो म्हणाला. "सिंधू उद्या हिला उंबरा ओलांडू द्यायची नाही. मिळालीच तर द्वादशीला पारणं झालं की घ्या, असं निघतानाच म्हणालीय, औषध म्हणून. एवढं कबूल केलंय तेच पुष्कळ."

"माझ्याकडे ठेवतो. माझ्या घरात कोण आहे बोलायला?" माझी बायको जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

"फ्रीजमध्ये ठेव. आणि कागद काढू नकोस."

"छे! गावाला कशाला दाखवायची?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात कंडक्टर आला, माझ्याच हाताखालून गेलेला. "नमस्कार साहेब! पिशवीत काय, प्रसाद वाटतं?"

"प्रसादच आहे," मोरेश्वर म्हणाला, आणि हसला. खळखळून हसला. दोन वर्षांत मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. ज्यावर बोलायचं होतं ते त्या हसण्यात वाहून गेलं.

एकादशीला पहाटे उठलो. स्नान, पूजा, हरिपाठ. फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात देवाच्या नैवेद्याचं दही, खाली भगरीसाठी भिजवलेले दाणे, तुळशीची पानं एका वाटीत. हातात बाटली घेऊन मी तसाच उभा राहिलो. फ्रीजची थंड वाफ पायांवर येत होती. नाही धजलो. दही आणि ती, एका पेटीत, एकादशीला. मी दार लावलं.

पण थंड तर ठेवायची होती. गच्चीवर टाकीच्या सावलीत बादली भरून ठेवली आणि तीत बाटली बुडवली. तासाभरानं पाहतो तर कागद भिजून लगदा झालेला, बादलीतलं पाणी काळं. सोलून काढला. आतली काच अगदी पांढरी होती आणि बिअर काकवीसारखी काळपट, उजेडात तांबूस. गोंद चिकटला होता तो नखानं खरवडला, चिंचेनं घासली, दोन पाण्यांनी धुतली. इतकी स्वच्छ झाली की मलाच बरं वाटलं.

आणि मग वाटलं, उद्या ही पारण्यानंतर गंध्यांच्या घरात जाणार. त्या परातीच्या खोलीत, जिथं देवाचा बुक्का होतो. कुठल्या शेडमधून आली, कुणाकुणाचे हात लागले. माझी आई बाहेरून आलेली कुठलीही बरणी धुऊन दिवसभर उन्हात ठेवायची आणि मगच फळीवर चढवायची. ऊन लागलं की वस्तू शुद्ध होते, हे तिचं म्हणणं, आणि माझंही. गच्चीच्या कठड्यावर माझं सोवळ्याचं धोतर वाळत होतं. त्याच्या शेजारी मी बाटली ठेवली. चैत्राचं ऊन तिच्यातून आरपार जात होतं आणि कठड्यावर तांबडा कवडसा पडला होता. कुणी बघत नाहीसं पाहून मी तिला हात जोडले. माळकरी माणसानं बिअरला! म्हटलं, रामराया, ह्यात असशील तर उद्या त्याच्या नाकात ये.

दिवसभर ती तिथंच होती. द्वादशीला उन्हं वर आली तरी तिथंच. साडेनवाला उचलली आणि निघालो.

परातीची खोली मागच्या पडवीत. मोरेश्वर पारणं करून धुतलेल्या कपड्यांत पाटावर बसला होता. समोर परात घासूनपुसून मांडलेली, आणि तिच्याभोवती बरण्या. चंदन, वाळा, नागरमोथा. दवण्याची जुडी ओल्या फडक्यात. गेल्या वर्षीपासून ह्यांतली एकही बरणी कपाटाबाहेर आली नव्हती.

"मी आत स्वयंपाकघरात आहे," सिंधूवहिनी म्हणाल्या. "मला त्यात बोलावू नका. काय गुण यायचा तो येऊ दे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी पिशवीतून बाटली काढून दिली. मोरेश्वरानं ती दोन्ही हातांत धरली. बराच वेळ धरली.

"कागद?"

"ओला होऊन निघाला."

त्यानं बाटली हातातल्या हातात एकदा फिरवली.

"बरं," तो म्हणाला.

बूच उघडलं आणि स्टीलच्या पेल्यात ओतलं. भपकन वास आला. सडका कांदा म्हणा, जळकं रबर म्हणा, ह्या दोहोंच्या मधलं काहीतरी. मी हातभर मागं सरकलो. पण मी जन्मात बिअरचा वास घेतला नव्हता. म्हटलं, दारू ती, अशीच असणार. लोक कसं पितात, देव जाणे.

मोरेश्वर पेल्यावर ओणवा झाला, परातीवर व्हायचा तसा. डोळे मिटले. घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. गिळला. दुसरा घेतला. पडवीच्या पत्र्यावर एक कावळा नखं वाजवत चालला होता, तेवढाच आवाज.

"काय?" मला राहवेना.

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"येतोय," तो म्हणाला.

"काय येतोय?"

"धूर. आंब्याच्या लाकडाचा."

मी हातच जोडले. रडायलाच लागलो म्हणा ना. "मोरू, परात ओढ. चंदन देऊ? आधी काय घालतोस, कोळसा ना?" मी बरणीचं झाकण काढलंसुद्धा. तो पेल्यात बघत नुसता बसून होता.

आतून वहिनींचा आवाज आला.

"अहो, गॅसचा वास येतोय! कुणी शेगडीला हात लावला का?"

त्या नाकाला पदर लावूनच पडवीत आल्या. "केवढा वास सुटलाय! इथं तर जास्तच. तुम्हाला येत नाही का? विसूभावजी, तुम्हालाही नाही?" त्यांनी खिडकी उघडली. मग त्यांची नजर पेल्यावर गेली, पेल्यावरून नवऱ्याच्या तोंडाकडे, आणि त्या बोलायच्या थांबल्या.

माझ्या हातात चंदनाचं झाकण तसंच.

"विसू," मोरेश्वर अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सिलिंडर बंद करून ये जा."

मी गेलो. सिलिंडर बंदच होता. तरी मी खाली वाकून ती चकती आणखी घट्ट पिळली, हाताला वळ उठेपर्यंत. तिथंच ओट्याला धरून थोडा वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा पेला धुऊन पालथा घातलेला होता, बाटलीतलं उरलेलं मोरीत गेलं होतं. मोरेश्वर एकेक बरणी पुसून कपाटात ठेवत होता. माझ्या हातातलं झाकण त्यानं घेतलं आणि चंदनाच्या बरणीला लावलं.

"तुझं जेवण व्हायचंय ना अजून?" तो म्हणाला. "जा, उशीर करू नकोस."

चतुर्दशीच्या संध्याकाळी चिंतामणबुवांचं कीर्तन. देवळात बाजारातून पाकिटातला बुक्का आणला होता. ट्रस्टींना मोरेश्वरानं निरोप धाडला होता की हात दुखतो, यंदा जमणार नाही. मला वाटलं, तो येणारच नाही. पण आला. आमच्या नेहमीच्या खांबाशी, माझ्या शेजारी मांडी घालून बसला. पूर्वरंग रंगला. बुवांचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की पेटीवालाच 'वाहवा' म्हणत होता. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, आणि बुक्क्याचं ताट ओळीनं फिरायला लागलं.

एकतीस वर्षं ताट मोरेश्वराच्या हातात असायचं. त्या दिवशी दुसऱ्याचा अंगठा त्याच्या कपाळाला लागला. त्यानं मान वाकवली. मग कपाळाला बोट लावलं आणि ते नाकाशी नेलं. सवयच ती. तसंच खाली घेतलं.

"कसा आहे?" त्यानं मला विचारलं.

गेल्या वर्षीचं माझं खोटं आम्हा दोघांच्यामध्ये बसलेलं होतं.

"नुसता कोळसा," मी म्हणालो.

"हं."

तबलजी हातोडीनं तबला मिळवत होता. मोरेश्वर त्याच्याकडे बघतच बोलला. "पांढऱ्या काचेत भरली होती तिनं. तपकिरी बाटल्या मिळाल्या नव्हत्या त्या वर्षी. उजेड लागला की नासते म्हणाली. म्हणून काळा कागद."

 गच्चीचा कठडा, धोतर, तो तांबडा कवडसा.

"मला वाटलं, लाजेसाठी आहे कागद," मी म्हणालो.

"माझंच चुकलं. गाडीत सांगणार होतो."

"म्हणजे तुला बाटली हातात घेतल्यावर कळलं होतं?"

"एका बाजूनं तापलेली होती. हाताला अजून कळतं सगळं."

"मग प्यायलास कशाला? आणि धूर कशाला म्हणालास?"

"तुझं तोंड बघवेना."

समोर बुवांनी उपरणं सारखं केलं. मी त्याचा हात धरला. "मोरू, चांगली असती ती, तर आला असता वास?"

"कुणास ठाऊक."

"दुसरी एखादी कुठं..."

"कुठली दुसरी? त्या पोरीनं स्वतःची दिली, विसू." त्यानं हात हळूच सोडवून घेतला. "ते आता मलाही कळायचं नाही आणि तुलाही. गप. बुवा उभे राहिले."

बुवांनी चिपळ्या उचलल्या. नामाचा गजर सुरू झाला आणि मोरेश्वरानं टाळी धरली.

तो त्यानंतर सहा वर्षं होता. परात परत निघाली नाही. मिथिला शेवडेला फोन करायचं आमच्यातल्या कुणाच्यानं झालं नाही. पुढं एकदा गाडीतून जाताना पाहिलं, शेडच्या जागी ऊस होता. उत्सवात अजून पाकिटातलाच बुक्का येतो, आणि घरी आलो की मी कपाळ धुतो.

देवळातली मंडळी अजून माझी परीक्षा घेतात. विसूनाना, अमक्या साली कुठलं आख्यान? मी सांगतो, चुकत नाही. त्या चतुर्दशीचं कुणी विचारलं की मात्र मी गप्प बसतो. बुवांनी उत्तररंगाला काय लावलं होतं, ते मला कधीच आठवलेलं नाही. मोरेश्वराच्या टाळ्या तेवढ्या आठवतात. शेवटपर्यंत त्या तालात होत्या.